खेळाडू मुलांचा मानसिक कणखरपणा आणि प्रेरणा : खान्देशातील पालक व क्रीडाशिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पावसाळा सरता सरता शालेय स्पर्धांचा हंगाम भरात येतो. तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग आणि त्यापुढे राज्य अशा पायऱ्या चढणाऱ्या मुलांचे पालक खुराक आणि व्यायाम यांच्याइतकेच मुलांच्या मनाविषयीही विचारू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे, साधारण दहा ते अठरा वर्षे वयाची मुलेमुली डोळ्यांसमोर ठेवून, येथे दिली आहेत.

मुलगा मानसिकदृष्ट्या कणखर आहे, हे ओळखायचे कसे?

रडत नाही, दुखले तरी बोलत नाही, रागावले तरी मान खाली घालून उभा राहतो, अशा मुलाला आपल्याकडे कणखर समजले जाते. ही ओळख फसवी आहे, कारण तो मुलगा केवळ घाबरलेला असू शकतो. कबड्डीत चढाई करताना बाद होऊन बाहेर बसलेल्या खेळाडूकडे नीट पाहावे. एखादा मुलगा गुडघ्यांत डोके घालून बसतो आणि आता सर काय म्हणतील याच विचारात असतो. दुसरा धापा टाकत का होईना, पण समोरच्या संघाचा कोपऱ्यावरचा खेळाडू पाय पकडायला कधी झेपावतो हे न्याहाळत बसतो आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने खेळाडू परत आत येतात म्हणून आपला नंबर कितवा आहे हेही ध्यानात ठेवतो; पुन्हा आत आल्याबरोबर जे पाहिले ते सोबत्याच्या कानावर घालतो. बाद झाल्याचे वाईट त्यालाही तेवढेच वाटलेले असते. चूक झाल्यानंतर त्याचे लक्ष हातातल्या कामावर लवकर परत येते, आणि कणखरपणाची खरी खूण हीच आहे. दुखापत झाली तर ती लपवून न ठेवणे, समजले नाही तर विचारणे आणि हरल्याच्या दुसऱ्या दिवशी वेळेवर मैदानावर हजर होणे, याही त्याच्याच खुणा आहेत.

हा गुण जन्मजात असतो की शिकवता येतो?

स्वभावाचा काही भाग जन्माबरोबर येतो हे खरे. काही मुले मुळातच बुजरी तर काही धीट असतात. परंतु लक्ष आवरणे, श्वास संथ करणे, हारीतून नेमके काय शिकायचे ते शोधणे ही कौशल्ये आहेत आणि ती डावपेचांप्रमाणेच सरावाने अंगी बाणतात. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीतल्या कुस्तीत वाढलेल्या या मल्लाला गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. पुढच्या चार वर्षांत त्यांनी त्या नियमांची तयारी केली, परिसरातील लोकांनी प्रवासखर्चासाठी हातभार लावला, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यांची जिद्द सर्वजण सांगतात. मात्र त्या जिद्दीला नव्या तंत्राच्या शिक्षणाची आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांची जोड होती, हेही मुलांना तितक्याच आवर्जून सांगितले पाहिजे.

रागावल्याशिवाय आणि शिक्षा केल्याशिवाय मुले घडतील का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुधा तो विचारणाऱ्याने स्वतः छडी खाल्लेली असते. "आम्हांला वस्तादांनी झोडपले म्हणूनच आम्ही घडलो," असे जुने पैलवान मनापासून म्हणतात. त्यांच्या वस्तादांविषयीच्या आदराला धक्का न लावता एवढे म्हणावेसे वाटते की, त्याच तालमीतून मार खाऊन कायमची बाहेर पडलेली मुले आज ही गोष्ट सांगायला समोर नसतात.

धाकाने तात्पुरता परिणाम दिसतो, हे मान्य केले पाहिजे. दम दिला की मुलगा त्या दिवशी जोरात पळतो. पण त्याच वेळी तो आणखी दोन गोष्टी शिकतो : चूक झाली तर ती लपवायची, आणि जिथे चूक होण्याची शक्यता आहे तो डाव टाकायचाच नाही. कुस्तीत नवा डाव शिकताना अनेकदा चितपट व्हावे लागते आणि खो-खोत सूर मारायला शिकताना अनेकदा खांब हुकतो. ज्या मैदानावर चुकीला मार आहे, तिथे मुले सोपा आणि सुरक्षित खेळच धरून बसतात आणि मोठ्या स्पर्धेत तो अपुरा पडतो. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावण्याची पद्धतही सोडून द्यावी, कारण ज्या धावण्याची गोडी लागायला हवी तेच धावणे त्यामुळे मुलाच्या मनात शिक्षेशी जोडले जाते.

शिस्त मात्र हवीच. वेळेवर येणे, मैदान झाडणे, साहित्य जागेवर ठेवणे, पंचांशी वाद न घालणे हे नियम सर्वांना सारखे असावेत आणि ते मोडल्यास काय होईल हे आधीच ठरलेले असावे. उदाहरणार्थ, उशिरा येणाऱ्याला त्या दिवशीच्या सराव सामन्यात पहिल्या डावात बाहेर बसावे लागेल. शालेय वयात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे, हेही क्रीडाशिक्षकांनी विसरू नये.

सरावात उत्तम खेळणारी मुलगी स्पर्धेत ढेपाळते. काय करावे?

आधी मनाकडे न जाता आदल्या रात्रीकडे पाहावे. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून विभागीय स्पर्धेसाठी नाशिकला निघालेला संघ सातपुड्याचा घाट उतरून एसटीने रात्रभर प्रवास करतो, पहाटे कुठल्याशा शाळेच्या वर्गात सतरंजीवर तासभर पाठ टेकतो आणि चहा-बिस्किटावर मैदानात उतरतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. दोन-तीन तास झोपलेल्या, पोटात काही नसलेल्या मुलीचा पाय जड पडला तर त्याला मनाचा कच्चेपणा म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचावे आणि ते शक्य नसेल तर निदान दशम्या, केळी, शेंगदाण्याचे लाडू असे ओळखीचे खाणे सोबत बांधून न्यावे. परगावचे नवे पदार्थ सामना झाल्यावर खाता येतात.

झोप आणि आहार व्यवस्थित असूनही तसेच घडत असेल, तर ताणाचा विचार करावा. ताण पूर्णपणे वाईट नाही. थोडी धडधड शरीराला तयार करते; ती अति झाली की नजर आखडते आणि हातपाय ताठरतात. यर्क्स आणि डॉडसन या शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून उत्तेजना आणि शिकणे यांच्यातला असा संबंध मांडला होता आणि खेळाच्या मानसशास्त्रात त्याचा आधार आजही घेतला जातो. शिवाय ताणाखाली खेळाडू आपल्याच हालचालींवर पहारा ठेवू लागतो. जी झेप शेकडो वेळा सहज घेतली, तिच्यात पाय कुठे ठेवू, हात केव्हा टाकू असा विचार शिरतो आणि ती बिघडते.

यावर सर्वांत उपयोगी पडते ती खेळण्यापूर्वीची ठरलेली रीत. खो-खोच्या मैदानात पळतीसाठी, म्हणजे बचावासाठी, आत जाणाऱ्या मुलीचे उदाहरण घेऊ. ती चौकटीबाहेर उभी असताना बुटांच्या नाड्या पुन्हा आवळते, नाकाने श्वास घेते आणि त्याच्या दुप्पट वेळ लावून तोंडाने सोडते, असे तीन वेळा करते, दोन्ही खांबांकडे एकेकदा पाहते आणि मनात "हलकी राहा" एवढेच म्हणते. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाची गती उतरायला मदत होते आणि ठरलेला शब्द मनातल्या भलत्या विचारांची जागा अडवून ठेवतो. ही रीत सामन्याच्या दिवशी प्रथम करून चालत नाही. ती महिनाभर रोजच्या सरावात झालेली असली पाहिजे. त्याबरोबर "असे झाले तर तसे करीन" अशी वाक्ये मुलीकडून वहीत लिहून घ्यावीत : पहिल्याच मिनिटात बाद झाले तर पाणी पिऊन पुढच्या तुकडीला आक्रमक कोण आहे ते सांगीन, पंचांनी चुकीचा निर्णय दिला तर कर्णधाराकडे पाहीन आणि जागेवर जाईन. ऐनवेळी विचार करायला सवड नसते, तेव्हा आधी ठरवलेले आपोआप आठवते.

सरावातही अधूनमधून स्पर्धेसारखे वातावरण करावे. गावातल्या लोकांना बघायला बोलवावे, शिट्टीवर अनोळखी पंच उभा करावा, गुणफलक लावावा. पहिल्यांदा मुली गडबडतील आणि ती गडबड आपल्याच मैदानावर झालेली केव्हाही बरी.

जिंकल्यास मोबाइल किंवा सायकल घेऊन देऊ, असे कबूल करावे का?

शक्यतो करू नये. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांतल्या काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगण्यात आले. पुढे बक्षीस नसताना हीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना आढळली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. म्हणून कौतुक करायचे तर ते झाल्यावर, अचानक आणि लहानसे असावे.

गावोगावी चौकात लागणाऱ्या अभिनंदनाच्या फलकांविषयीही थोडे बोलले पाहिजे. जिल्हास्तरावर जिंकलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा भला मोठा फोटो नेत्यांच्या फोटोंसह बसस्थानकाजवळ झळकतो तेव्हा घरच्यांचा ऊर भरून येतो आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु पुढच्या वर्षी तो मुलगा हरला, तर त्याच चौकातून शाळेत जाणे त्याला नकोसे होते. सत्कार करायचा असेल तर पूर्ण संघाचा, शाळेच्या आवारात करावा.

पोलीस भरती किंवा नोकरी हेच ध्येय असेल, तर ती खरी प्रेरणा नव्हे का?

ती पूर्णपणे प्रामाणिक प्रेरणा आहे. कोरडवाहू शेती आणि कापसाच्या भावावर चालणाऱ्या घरातल्या मुलाला नोकरीसाठी खेळू नकोस असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत ठरावीक प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ऑलिंपिक कांस्यविजेता नेमबाज स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेच्या नोकरीत राहून घडला, आणि भुसावळच्या घराघरांत रेल्वेची नोकरी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

अडचण आहे ती ध्येय फार दूर असण्याची. पंधराव्या वर्षी १६०० मीटर धावणाऱ्या मुलाला भरतीसाठी अजून काही वर्षे आहेत. तेवढ्या काळात कंटाळा अनेकदा येणार. त्याच्यासाठी जवळची आणि स्वतःच्या हातातली उद्दिष्टे ठेवावी लागतात : या महिन्यात शेवटची फेरी पहिल्या फेरीच्या वेळेत पूर्ण करायची, आठवड्यातून दोनदा पोटाचे व्यायाम चुकवायचे नाहीत. कितवा नंबर येईल हे दुसरे किती वेगाने पळतात यावरही अवलंबून असते, म्हणून रोजच्या वहीत नंबर न लिहिता स्वतःची वेळ लिहावी. आणि त्या सकाळच्या धावण्यात गप्पा, चेष्टामस्करी, सोबत्यांबरोबरचा चहा यांना जागा असू द्यावी. केवळ नोकरीसाठी पळणारा मुलगा एका भरतीत अपात्र ठरला की बूट टाकून देतो, तर ज्याला पळण्याची आणि सोबत्यांची ओढ लागली आहे तो पुन्हा येतो.

मे महिन्याच्या उन्हात सराव केल्याने मुले कणखर होतात का?

नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा दुपारचा सराव जिवावर बेतू शकतो आणि पाणी न देता पळवणे हा तर निव्वळ अविचार आहे. उन्हाळ्यात सराव पहाटे उरकावा किंवा सूर्य कलल्यावर घ्यावा आणि पाणी मागावे लागू नये, ते समोरच असावे. मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले किंवा उलट्या करू लागले, तर उष्माघात समजून लगेच सावलीत न्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कुस्तीसाठी वजन उतरवायला दोन दिवस उपाशी राहणे योग्य आहे का?

वाढीच्या वयात अजिबात नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण मल्ल वजन उतरवण्यासाठी घाम गाळताना थोड्याच दिवसांच्या अंतराने मरण पावले आणि त्यानंतर तिथले वजनाचे नियम बदलावे लागले. उपाशी, तहानलेला मुलगा चिडचिडा होतो, त्याचे लक्ष लागत नाही. मग त्यालाच कच्च्या मनाचा ठरवले जाते. ज्या वजनात तो व्यवस्थित जेवूनखाऊन बसतो, त्याच गटात त्याला लढवावे. मुलींची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर सरावाच्या मानाने आहार कमी पडत असण्याची शक्यता असते आणि डॉक्टरांना विचारणे आवश्यक असते.

तेराव्या वर्षी मैदान गाजवणारा मुलगा सोळाव्या वर्षी मागे पडला. त्याची जिद्द संपली का?

बहुतेक वेळा जिद्द संपलेली नसते. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. तेराव्या वर्षी ज्याची उंची आणि ताकद लवकर वाढली, तो त्या गटात सहज जिंकतो. दोन-तीन वर्षांत बाकीची मुले वाढून त्याच्या बरोबरीला येतात आणि केवळ ताकदीवर जिंकलेला हा मुलगा तंत्रात कमी पडू लागतो. मुलींच्या बाबतीत शरीर बदलताना काही काळ धावण्याची वेळ खराब होणे हेही नेहमीचे आहे. हे कोणी समजावून सांगितले नाही, तर मुले स्वतःलाच दोष देतात.

येथे पूर्वीच्या कौतुकाचाही भाग असतो. "तुझ्यात उपजतच आहे" असे ऐकत वाढलेला मुलगा हरला की, ते उपजत असलेले संपले, असा अर्थ काढतो. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हुशारीबद्दल वाखाणलेली मुले अपयशानंतर लवकर मागे हटली आणि मेहनतीबद्दल वाखाणलेली मुले अधिक चिकाटीने बसली. कौतुक नेमके असावे : "आज दुसऱ्या डावात दमलेला असूनही तू पाठलाग सोडला नाहीस." उशिरा वाढणाऱ्या, आज मागे असलेल्या मुलांना संघातून काढू नये ही विनंतीही याच ओघात करावीशी वाटते, कारण त्यांतले काही पुढे जाऊन सर्वांना मागे टाकतात.

लहानपणापासून एकच खेळ, तोही बारा महिने, असे ठेवावे का?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला सल्ला असा आहे की, पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जखडू नये, आठवड्यात एक-दोन दिवस त्या खेळाला सुट्टी द्यावी आणि वर्षभरात एकेक महिन्याची मिळून तीन महिने विश्रांती द्यावी. आपल्याकडे याची एक सोय आपोआप होते. अखजीला (अक्षय्य तृतीयेला), दिवाळीला मुले मामाच्या गावाला जातात. तेव्हा त्यांना जाऊ द्यावे, मागे फोन लावू नये.

मात्र मैदानाबाहेरचे श्रम मोजायला आपण विसरतो. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला गेलेली मुलगी दिवसभर वाकून काम करते आणि संध्याकाळी सरावाला येते. त्या दिवशी तिचा वेग कमी दिसणारच. तिला आळशी म्हणण्यापूर्वी आज शेतात गेली होतीस का, एवढे विचारावे आणि हलका सराव देऊन घरी पाठवावे.

हरून आलेल्या मुलाशी घरी काय बोलावे?

सामन्याची चिरफाड त्या दिवशी करू नये. परतीच्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाला सुटका नसते आणि वडील पुढून चुका मोजत असतात. कित्येक मुलांना खेळापेक्षा तो प्रवास नकोसा होतो. आपल्या घरांमधल्या आया दारातच विचारतात, "जेवना का रे भाऊ?" म्हणजे जेवलास का? त्या वेळी याहून योग्य प्रश्न नाही. हरलास तरी या घरातली तुझी जागा तीच आहे, हे त्यातून मुलाला कळते. एखाद-दोन दिवसांनी त्याने स्वतः विषय काढला तर आधी त्याला बोलू द्यावे. "काय जमले, काय जमले नाही आणि या आठवड्यात कशावर काम करायचे?" हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तुलना मात्र करू नये, विशेषतः चुलतभावाशी.

मुली वयात आल्यावर खेळ सोडतात. त्यांची आवडच कमी असते का?

आवड कमी झाली असे म्हणून मोकळे होण्यापूर्वी मैदानावर स्वच्छतागृह आहे का, कपडे बदलायला आडोसा आहे का, परगावी जाताना सोबत शिक्षिका असते का, सराव संपल्यावर अंधारात घरी कोण सोडते, हे तपासावे. यांतल्या दोन-तीन गोष्टी सुधारल्या की सोडून गेलेल्या मुली परत येतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या लहानशा आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. अशी उदाहरणे मुलींइतकीच त्यांच्या वडिलांना आणि भावांना सांगितली पाहिजेत.

आश्रमशाळेतील मुलांसाठी वेगळे काही करावे लागते का?

होय. नंदुरबार जिल्ह्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी महिनोन्‌महिने बाहेर असतात आणि मुले वसतिगृहात राहतात. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार माणसाची आतली प्रेरणा तीन गोष्टींवर पोसली जाते : काही निर्णय स्वतःचे असणे, आपल्याला जमते असे वाटणे आणि आपले कोणीतरी असणे. या मुलांना तिसरी गोष्ट सर्वांत कमी मिळते. सामना झाल्यावर आईवडिलांना फोन लावून देणे, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत बोलू देणे आणि क्रीडाशिक्षकाने निकाल काहीही लागला तरी तसेच वागणे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

दहावीच्या वर्षी खेळ बंद करावा का?

पूर्ण बंद करू नये, सरावाचा वेळ कमी करावा. खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, त्यांची कागदपत्रे शाळेमार्फत वेळेत दाखल करावीत.

तज्ज्ञांची मदत केव्हा घ्यावी?

झोप उडणे, जेवण टाळणे, आवडत्या सोबत्यांनाही भेटावेसे न वाटणे, सरावाच्या वेळी रोज पोट दुखणे, अशा गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर वाट पाहू नये. सिमोन बाइल्स या जगज्जेत्या जिम्नॅस्टने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमधील सांघिक अंतिम फेरीतून मनाची स्थिती ठीक नसल्याचे सांगून माघार घेतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा सुवर्णपदके जिंकली. टेली-मानस ही शासनाची मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. मरणाविषयी बोलणाऱ्या मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

एखादे मूल विशिष्ट प्रशिक्षकाबरोबर जायला अचानक नकार देऊ लागले, तर त्याला आळशी किंवा भित्रे न म्हणता एकांतात शांतपणे विचारावे आणि ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. संघ, पदक किंवा शाळेचे नाव यांपैकी कशासाठीही ही गोष्ट दाबून ठेवू नये.